रोटेनबुर्गला निघालीस? मग आत्याचं ऐकून जा

तुझे आई-बाबा जूनमध्ये स्टुटगार्टला येणार आणि तू त्यांना रोटेनबुर्ग दाखवायला नेणार, हे वहिनीनं फोनवर सांगितलं. बेत उत्तम आहे. फक्त एक दिवसाचा ठेवलायस, तेवढा बदल. सकाळी दहाच्या सुमाराला बसगाड्या येऊन लागतात आणि चारनंतर एकेक करून निघायला लागतात. त्याच्या अलीकडे-पलीकडे जे गाव उरतं, ते बघायला जायचं असतं. दुपारचं गाव बसवाल्याचं, सांजेचं गाव मुक्कामाचं. एवढं ऐकलंस तर बाकीचं वाचायची सक्ती नाही. पण तू वाचशील, कारण बाबाचे गुडघे आणि आईचं शाकाहारी जेवण ही दोन्ही खाती तुझ्याकडे आहेत.

१. तिकीट काढताना गावाच्या नावापुढचं ‘ओब डेअर टाउबर’ हे शेपूट नीट वाच – नेकार नदीकाठचं दुसरं रोटेनबुर्ग तुझ्या स्टुटगार्टच्या अगदी जवळ आहे, आणि तिकिटाच्या मशीनला तुझ्या मनातलं कळत नाही.

२. तुझ्याकडे डॉइचलांड-टिकेट आहेच, तर क्राइल्सहाइम, आन्सबाख, श्टाइनाख असं रीजनल गाड्यांनी जा – मात्र ते तिकीट एकट्या तुझं. आई-बाबांचं वेगळं काढायचं, आणि आयसीई या जलद गाडीत तर तुझंही चालत नाही.

३. म्युनिक किंवा न्युर्नबेर्ग करून येणार असाल तर बायर्न-टिकेट घे, एकावर पाच जणांपर्यंत जाता येतं – पण सोमवार ते शुक्रवार ते सकाळी नऊनंतरच लागू होतं, आणि त्यावर प्रत्येकाचं नाव लिहायचं असतं. टीसी हसतमुख असला तरी नावं वाचतो.

४. बॅगा पाठीवरच्या घ्या, चाकांच्या नकोत – स्टेशन तटाच्या बाहेर पूर्वेला आहे, तिथून र्‍योडर वेशीपर्यंत दहाच मिनिटं. पण वेस ओलांडली की खाली दगडी फरसबंदी लागते आणि चाकांची खडखड सगळ्या आळीला ऐकू जाते. हलकी बॅग, जवळची वेस.

५. आईला सांग, नवे बूट विमानतळावर मिरवायचे, इथे जुनेच – दगड गुळगुळीत झालेले आहेत, पावसाची एक सर आली तरी पाय सटकतो.

६. गाडीनं गेलात तर तटाबाहेरच्या पी-१ ते पी-५ यांपैकी एका पार्किंगला लाव आणि चालत आत जा – आतल्या गल्ल्या घोडागाडीच्या मापाच्या आहेत, शिवाय वाहनांना वेळेची बंधनं आहेत. मुक्कामाला असणाऱ्यांना मुभा मिळते, ती हॉटेलवाल्याला आधीच फोन करून विचारायची.

७. खोली तटाच्या आतली घे, पण आरक्षणाआधी ‘लिफ्ट आहे का’ एवढं विचारच – पाचशे वर्षांच्या घराचा जिना उभा असतो, आणि बाबा ‘मला काही होत नाही’ म्हणत तिसऱ्या मजल्यावर चढेल आणि संध्याकाळी उतरणार नाही.

८. पेंटेकॉस्टच्या सुट्ट्या, सप्टेंबरचा पहिला शनिवार-रविवार आणि नाताळाआधीचे आठवडे जमल्यास टाळ, नाहीतर खोली कित्येक महिने आधी धर – त्या दिवसांत गावचे उत्सव आणि बाजार असतात. उत्सवच बघायचा असेल तर गोष्ट वेगळी.

सामान खोलीत टाकलंत की पहिली फेरी कुठे, हे बाबा विचारेल. तो म्हणेल बुरूज. तू म्हणायचं टूरिस्ट इन्फर्मेशन. ते बाजारचौकातच आहे, जुन्या राट्सट्रिंकश्टुबंच्या इमारतीत, म्हणजे जिथे एकेकाळी फक्त नगरपरिषदेच्या मानकऱ्यांना बसून वाइन प्यायची परवानगी होती. आता तिथे कोणालाही फुकट उभं राहता येतं आणि प्यायला काही मिळत नाही. पण जे मिळतं ते जास्त उपयोगाचं आहे.

९. आधी खिडकी, मग गल्ली – तिथली दहा मिनिटं पुढचे दोन तास वाचवतात.

१०. आत गेल्या गेल्या इंग्रजीत प्रश्न टाकू नकोस, आधी ‘ग्र्यूस गॉट’ म्हण – हा बायर्नचा मुलूख आहे, नमस्कार पोचला की समोरची बाई स्वतःहून इंग्रजीत येते आणि पुस्तिकेत नसलेलंही सांगते.

११. ‘इथे बघण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न विचारायचाच नाही – त्याचं उत्तर म्हणून चकचकीत पुस्तिका हातात येते. ‘आज काय बंद आहे?’, ‘कुठल्या जिन्यानं तटावर चढणं सोपं?’, ‘सोमवारी कोणतं हॉटेल उघडं असतं?’ असं विचार, म्हणजे माणूस उत्तर देतो.

१२. मोबाइल असला तरी कागदी नकाशा मागून घे, आणि पेनानं खुणा करून माग – मोबाइल चढावर संपतो. शिवाय नकाशा बाबाच्या हातात दिला की तो वाटाड्या होतो, आणि वाटाड्याला तक्रार करता येत नाही.

१३. ‘आमच्याबरोबर गुडघेदुखीची माणसं आहेत’ हे न लाजता सांग – कमी चढाची वाट, वाटेतली बाकं, उघडी स्वच्छतागृहं हे सगळं त्या लोकांना तोंडपाठ असतं. विचारलं तर वाट, नाही तर वळसा.

१४. गावाच्या मार्गदर्शित फेऱ्या, चर्च, बुरूज यांच्या त्या दिवसाच्या वेळा तिथेच लिहून घे – हंगामाप्रमाणे बदलतात, आणि दारावरची पाटी गेल्या हंगामाची असू शकते.

१५. शनिवार-रविवारी पोचणार असाल तर कचेरी किती वाजेपर्यंत उघडी हे निघण्याआधीच बघून ठेव – सुट्टीच्या दिवशी खिडकी लवकर मिटते, नेमकी आपली गरज वाढते तेव्हा.

१६. तासाचा ठोका पडायच्या आत तिथून बाहेर येऊन चौकात उभे राहा – सगळा चौक ज्या घड्याळाकडे मान वर करून बघतो ते याच इमारतीच्या माथ्यावर आहे, आणि आत उभं राहणाऱ्याला तेवढंच दिसत नाही.

त्या घड्याळाच्या दोन्ही बाजूंच्या झडपा उघडतात. एका खिडकीत सेनापती टिली, दुसऱ्यात माजी नगराध्यक्ष नुश. नुश पेला तोंडाला लावतो, टिली बघत राहतो, झडपा मिटतात. झालं. बाबा म्हणेल, ‘एवढंच?’ म्हणून गोष्ट आधीच सांगून ठेव: तीस वर्षांच्या युद्धात, १६३१ साली, टिलीनं गाव घेतलं, आणि सव्वातीन लिटर वाइन कोणी एका दमात पिऊन दाखवली तर गावाला सोडतो म्हणाला, नुशनं ती पिऊन दाखवली. त्या काळच्या कागदपत्रांत याचा पत्ता नाही. १८८१ पासून गावकरी त्यावर नाटक करतात, त्यानंतर गोष्ट पक्की झाली. मला ती खोटी असल्याचं वाईट वाटत नाही. सांगायला बरी आहे, आणि बाबाला तर फारच आवडेल.

१७. टाउन हॉलचा मनोरा चढायचा असेल तर सकाळी, आणि ज्याचे गुडघे धड त्यानंच – पायऱ्या २२०, शेवटचा टप्पा अरुंद आणि उभा, वर उभं राहायला जागा चिंचोळी. आईला खाली चौकात बसव, तिला गर्दी बघायला आवडते.

१८. मनोऱ्यासाठी, छोट्या बुरुजांसाठी, स्वच्छतागृहांसाठी सुटी नाणी वेगळ्या पाकिटात ठेव – कार्ड सगळीकडे चालेल हे गृहीत धरू नये. नाणं खिशात, जीव निवांत.

आता तट. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण घाईघाईत बघायच्या गोष्टींत लोक याला धरतात आणि नेमकं तेच चुकतं.

१९. तटावरून चालायला तिकीट नाही, तेव्हा एकाच दमात पुरा करायचा हट्ट नको – छपराखालची चालवाट अडीच किलोमीटरच्या आसपास आहे. थोडं सकाळी, थोडं संध्याकाळी, दोन वेळा चढा आणि वेगळ्या जिन्यानं उतरा.

२०. सुरुवात र्‍योडर वेशीपाशी करा – पूर्वेचा हा भाग एक वेगळीच हकिकत सांगतो, ती आधी कळली तर बाकीचं गाव बरोबर दिसतं.

२१. बाबाला पुढे ठेव आणि ‘डोकं सांभाळ’ असं मागून म्हणत राहा – छपराच्या तुळया मध्येच खाली येतात. मान झुकली, कपाळ वाचलं.

२२. समोरून कोणी आलं तर भिंतीच्या बाजूला सरका, कठड्याच्या बाजूला नको – वाट एका माणसाची आहे, आणि पाठीवरची बॅग आपल्याला वाटते त्यापेक्षा रुंद असते.

२३. ओल्या दिवशी तटाचे जिने उतरताना उलटी छत्री काठी म्हणून वापरा – पायऱ्यांचे कंगोरे झिजलेले आहेत.

२४. चालताना भिंतीत बसवलेले दगड वाचत जा: कोणाचं तरी नाव, गाव, आणि पुढे ‘१ मीटर’ किंवा असाच काही आकडा – ज्यांनी तट पुन्हा उभा करायला पैसे दिले, त्यांच्या वाट्याची ती लांबी आहे.

पुन्हा उभा करायला, असं का म्हणाले? पूर्वेच्या भागात तटावरून आतल्या घरांकडे बघ. साधी, सपाट भिंतींची, नक्षी नसलेली. ३१ मार्च १९४५ ला विमानांनी या बाजूवर बॉम्ब टाकले. तीनशेच्या वर घरं गेली, नऊ बुरूज गेले, सहाशे मीटरहून जास्त तट गेला, माणसं गेली. नंतर जगभरातून, अमेरिकेतून आणि जपानमधूनसुद्धा, मीटरच्या हिशेबानं पैसे आले. अमेरिकी फौज एप्रिलमध्ये जवळ आली तेव्हा त्यांच्या युद्धखात्यातल्या जॉन मॅक्लॉय यांनी गावावर तोफा डागू नयेत असं कळवलं. त्यांच्या आईनं हे गाव पाहिलेलं होतं आणि त्याचं एक चित्र घरी होतं, असं सांगतात. म्हणून पश्चिमेचं आणि दक्षिणेचं गाव जुनं, पूर्वेचं बरंचसं जुन्याच्या मापानं नव्यानं बांधलेलं. कोणी ‘सगळं खोटं आहे, सिनेमाचा सेट आहे’ असं म्हणालं तर वाद घालू नकोस. त्याला या दगडांपाशी आण. माझ्या मते हाच गावातला सगळ्यात खरा भाग आहे.

२५. र्‍योडर बुरुजात त्या बॉम्बहल्ल्याबद्दलचं छोटं प्रदर्शन आहे, उघडं असेल तर बघून घ्या – फोटो पाहिल्यावर खालच्या गल्ल्या ओळखू येतात.

२६. बाबा त्या दगडांत मराठी आडनाव शोधत बसेल, बसू दे – तेवढ्यात तुझ्या आईच्या पायांना विश्रांती मिळते.

२७. पश्चिमेच्या बुर्ग वेशीतून जाताना मोठ्या दाराच्या पोटातला दिंडी दरवाजा दाखव – रात्री वेस बंद झाल्यावर उशिरा येणाऱ्याला तिथून एकट्याला, तेही वाकून, आत घेत. शत्रूला घाऊक घुसता येऊ नये म्हणून. सिंहगड पाहिलेल्या माणसाला हे समजवायला लागत नाही.

२८. त्या वेशीच्या बाहेरची बाग म्हणजे जुना किल्ला, पण किल्ला शोधू नका – १३५६ च्या भूकंपात तो पडला, आता एक छोटं चॅपेल आणि खाली टाउबरचं खोरं एवढंच आहे. बाकं मात्र भरपूर, आणि संध्याकाळचं ऊन थेट तिथे येतं.

२९. वहिनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आणणारच, ती इथल्या बाकावर उघडायची, हॉटेलच्या टेबलावर नाही – आणि कागद उचलून न्यायचा, हे तिला सांगावं लागणार नाही, बाबाला लागेल.

३०. त्याच चॅपेलजवळ एक स्मारकशिळा आहे, तिथे मिनिटभर थांबा – १२९८ च्या कत्तलीत मारल्या गेलेल्या इथल्या ज्यू लोकांची ती आठवण आहे.

३१. मग वेळ काढून युडनगासंही चालून या – मध्ययुगातली ज्यू आळी इतकी शाबूत क्वचित उरते. राबी मायर हे तेराव्या शतकातले फार मोठे धर्मपंडित या गावात राहिले, शिकवत राहिले. १५२० मध्ये ज्यू लोकांना हाकलून दिलं, आणि पुढे पुन्हा आलेल्यांना ऑक्टोबर १९३८ मध्ये. नाझींना हे गाव आदर्श जर्मन गाव म्हणून फार आवडायचं. गावाचा चेहरा गोड आहे म्हणून हे झाकून ठेवू नकोस, बाबाला इतिहासाचं पुरतं कळतं.

चर्चचं सांगते. सेंट याकोब. बाहेरून बघून ‘मोठं आहे’ म्हणत पुढे जाणारे पुष्कळ असतात. आत जायला तिकीट आहे, आणि ते काढ. १३११ मध्ये बांधायला घेतलेलं हे चर्च पुरं व्हायला दीडशेच्या वर वर्षं लागली. त्याच्या पश्चिम टोकाखालून चक्क रस्ता जातो.

३२. आत गेलात की खालीच फिरून परत येऊ नका, पश्चिमेच्या बाजूचा जिना चढा – जी बघायला यायचं ती वेदी वर आहे, आणि अर्धे लोक तिला न बघता बाहेर पडतात.

३३. दुपारनंतर जा – वेदीच्या मागे पश्चिमेच्या खिडक्या आहेत, ऊन कललं की उजेड लाकडातून आरपार येतो.

ही टिलमान रीमेनश्नायडरची वेदी, १५०० ते १५०५ या वर्षांतली, लिंडनच्या लाकडाची, आणि बिनरंगाची. रंग नाही म्हणून चेहरे जास्त दिसतात. मधल्या देखाव्यात येशूचं शेवटचं भोजन आहे. अशा चित्रांत येशू मध्यभागी असतो अशी आपली समजूत. इथे मध्ये उभा आहे दगा देणारा शिष्य जुडास, पैशांची थैली हातात, आणि येशू बाजूला सरकून त्याच्यापुढे घास धरतोय. मूठ थैलीवर कशी आवळली आहे ते जवळ जाऊन बघ. बाजूचे शिष्य एकमेकांकडे बघताहेत, ‘तू की काय?’ अशा नजरेनं. आईला बसायला जागा शोधून दे आणि बाबाला गप्प ठेव. दहा मिनिटं पुरे.

३४. खाली उतरल्यावर पूर्वेच्या मुख्य वेदीच्या पाठीमागेही जाऊन या – फ्रीडरिष हर्लिननं १४६६ मध्ये रंगवलेल्या त्या फळ्यांवर या गावाचा बाजारचौक आहे, म्हणजे तुम्ही सकाळी जिथे घड्याळ बघत उभे होतात तो.

३५. गुन्हे-शिक्षांचं संग्रहालय मोठ्यांसाठी चांगलं, पण जेवणाआधी, नंतर नाही – लाज काढायचे मुखवटे, बेड्या, आणि वजनात पाव कमी देणाऱ्या बेकरला पाण्यात बुडवायचा पिंजरा. आपल्याकडच्या काही दुकानदारांची आठवण येईल, पण ते मोठ्यानं बोलू नका.

३६. बारा महिने नाताळ असलेल्या दुकानात शिरायचं तर आईशी वेळ ठरवून शिर – आत गेल्यावर बाहेर किती वाजले हे समजत नाही, आणि काचेचे गोळे पुण्यापर्यंत धड पोचवायची जबाबदारी शेवटी बाबाच्या हातसामानावर येते.

३७. प्लोनलाइनचा फोटो न्याहारीच्या आधी काढा – दोन फुटणाऱ्या वाटा, मधलं तिरपं घर आणि मागचे दोन बुरूज हे जगभरच्या कॅलेंडरवर गेलेलं दृश्य आहे. दहानंतर घराआधी पाठीच दिसतात.

३८. तिथून तसेच दक्षिणेला श्पिटाल वेशीपर्यंत जा – बसचे प्रवासी इतकं लांब येत नाहीत, आणि आठच्या आकड्याच्या आकाराचा तो दुहेरी बुरूज मोकळा मिळतो. आत येणाऱ्याला शांती आणि बाहेर जाणाऱ्याला सुखरूपपण मागणारी लॅटिन ओळ वर कोरली आहे, ती शोध.

३९. घरांच्या खिडक्यांत डोकावून फोटो काढू नका – गावात लोक राहतात, त्यांचे कपडे वाळत असतात. तीस वर्षांच्या युद्धानंतर इथे पैसाच उरला नाही म्हणून जुनं पाडून नवं कोणी बांधलं नाही. मग एकोणिसाव्या शतकात चित्रकार आले आणि त्या गरिबीचीच किंमत झाली.

४०. खोऱ्यात उतरून दुमजली पूल, टोप्लरचा छोटा वाडा आणि डेटवांगचं चर्च करायचं असेल तर पाण्याची बाटली आणि परतीचा दम दोन्ही जवळ ठेवा – उतरणीला गप्पा, चढणीला धापा. डेटवांगच्या छोट्या चर्चमध्ये रीमेनश्नायडरची आणखी एक वेदी आहे, आणि तिथे गर्दी अशी नसतेच. आई-बाबांना टॅक्सीनं वर आणायचा मार्ग खिडकीवर आधी विचारून ठेव.

जेवणाचं मात्र गमतीवारी नेऊ नकोस.

४१. दुपारचं जेवण दीडच्या आत सांगून टाका – बऱ्याच ठिकाणी दुपारनंतर स्वयंपाकघर बंद होतं ते थेट संध्याकाळी उघडतं; मधल्या वेळात केक मिळतो आणि केकनं बाबाचं भागत नाही. चूल निजली की भूक उठते.

४२. आठवड्यातून एक दिवस प्रत्येक हॉटेलची सुट्टी असते, दारावर ‘रूहटाग’ लिहिलेलं असतं – म्हणून दोन नावं ठरवून ठेव, एक नको.

४३. ‘मी शाकाहारी’ एवढंच सांगून गप्प बसू नकोस, ‘ओने फ्लाइश, ओने श्पेक’ असं दोन्ही म्हण – डुकराच्या चरबीचे बारीक तुकडे पुष्कळांच्या लेखी मांसात मोजलेच जात नाहीत, आणि ते बटाट्याच्या सॅलडमध्येही निघतात.

४४. जूनच्या चोवीस तारखेच्या आत आलात तर पांढरा श्पार्गेल, म्हणजे अ‍ॅस्पॅरॅगस, मागा – त्या दिवशी त्याचा हंगाम संपतो. उकडलेल्या बटाट्यांबरोबर येतो. हॅम नको म्हणून सांग, आणि वरच्या पिवळ्या सॉसमध्ये अंडं असतं हे वहिनीला आधी सांग, खाऊन झाल्यावर नाही.

४५. नाहीतर केझेश्पेट्स्ले किंवा मशरूमच्या सॉसमधले पावाचे क्नोडेल – पहिल्यात पिठात अंडं आहे, दुसऱ्याचा सॉस मांसाच्या रश्श्याचा नाही ना एवढं विचारायचं. माउलटाशनच्या वाटेला जाऊ नका, पोटात मांस असतं.

४६. तहान लागली की साधं नळाचं पाणी आपणहून येत नाही – बाटली घरूनच भरून आणा आणि टेबलावर एक पेय सांगा, ते रीतीला धरून आहे. बाबाला फ्रांकनची पांढरी वाइन चालेल. नुशचं नाव घेऊन मोठा ग्लास मागू देऊ नकोस.

४७. श्नेबाल एकच घ्या, तिघांत – चिरोट्याच्या पिठाच्या पट्ट्या गुंडाळून चेंडू करून तळावा आणि वर पिठीसाखर भुरभुरावी, तसा प्रकार आहे. दिसायला मोठा, खायला कोरडा. चॉकलेटवाले फोटोपुरते, साखरेचाच मागा, आणि काळ्या कपड्यांवर खाऊ नका.

४८. रविवारी सुपरमार्केट बंद असतं, दूध-फळं-पाणी शनिवारीच आणून ठेव – बाबाला सकाळी सहाला चहा लागतो, आणि मध्ययुगीन गावात सहाला कोणी उठत नाही.

४९. संध्याकाळी पहारेकऱ्याची फेरी चुकवू नका: हातात कंदील आणि भाला, अंगात काळा झगा, चौकातून निघतो – आधीची फेरी इंग्रजीत, नंतरची जर्मनमध्ये. जूनमध्ये पहिलीला उजेडच असतो, तेव्हा तुझं जर्मन बरं असेल तर दुसरीला जा आणि आई-बाबांच्या कानात भाषांतर कर. वेळ खिडकीवर पक्की करून ठेव, पैसे रोख ठेव.

५०. फेरीनंतर रस्त्यात उभं राहून हसत-बोलत बसू नका – दगडी गल्लीत आवाज वरपर्यंत चढतो आणि गावकऱ्यांना सकाळी कामावर जायचं असतं. हे बाबासाठी. तुझ्या आजोबांचा आवाज त्यालाच मिळालाय.

५१. फेरी आणि त्याच रात्रीची परतीची गाडी, दोन्ही साधायला जाऊ नका – श्टाइनाखची छोटी गाडी तासाला एक, आणि रात्री त्याहून विरळ. पुढची जोडगाडी चुकली तर श्टाइनाखच्या फलाटावर बघण्यासारखं काही नाही.

५२. दुसऱ्या दिवशीची परतीची वेळ इन्फर्मेशनमध्येच कागदावर छापून घे आणि तो कागद बाबाकडे दे – रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि छापलेल्या कागदावर त्याचा विश्वास माझ्या-तुझ्यापेक्षा जास्त आहे.

५३. श्टाइनाखला उतरताना दाराचं बटण तूच दाब – गाडी थांबली म्हणजे दार आपोआप उघडणार अशा समजुतीनं बाबा दारासमोर सामान घेऊन उभा राहील, आणि त्याच्या मागे सगळा डबा.